निवेदकाचे नाव : शीला बारसे यांची पत्रकारिता आणि न्यायालय

१

मराठी पत्रकारितेचा तुरुंगाशी आलेला पहिला ठळक संबंध हा आरोपी या नात्याने आलेला आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांनी लावलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर १८८२ साली मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले. सुटून आल्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. तुरुंगाचे वर्णन करणारा आणि तुरुंग भोगणारा येथे एकच आहे. त्यामुळे हे सांगण्याचा अधिकार निवेदकाला कोठून आला, असा प्रश्न त्या पुस्तकाबाबत उद्भवतच नाही.

बरोबर शंभर वर्षांनी, मे १९८२ मध्ये, शीला बारसे या मुक्त पत्रकार मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात, म्हणजे आपण ज्याला आर्थर रोडचा तुरुंग म्हणतो तेथे गेल्या. त्या कैदी नव्हत्या. कारागृह महानिरीक्षकांची परवानगी घेऊन त्या स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घ्यायला गेल्या होत्या. भोगणाऱ्या स्त्रिया आत होत्या आणि सांगणारी स्त्री बाहेरून आलेली होती. आगरकरांना ज्याला सामोरे जावे लागले नाही तो प्रश्न येथे पहिल्या दिवसापासून उभा राहतो : दुसऱ्याचे दुःख सांगणाऱ्याचा त्या कथनावर हक्क किती? साहित्याच्या अभ्यासात आपण हा प्रश्न निवेदक, दृष्टिकोन, प्रातिनिधित्व अशा संज्ञांनी हाताळतो. शीला बारसे यांच्या बाबतीत तो भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि त्या न्यायालयाने १९८८ साली त्याचे लेखी उत्तरही दिले. त्या उत्तरापर्यंतचा आणि त्यानंतरचा प्रवास निकालपत्रांच्या आधारे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

या प्रवासाची पार्श्वभूमी आणीबाणीनंतरच्या चार-पाच वर्षांनी तयार केली होती. जानेवारी १९७९ मध्ये बिहारमधील कच्च्या कैद्यांविषयी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लेख आले. ज्या गुन्ह्यासाठी पकडले त्याला असलेल्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ काही माणसे खटल्याविना तुरुंगात होती. या लेखांच्या आधारे वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी याचिका दाखल केली आणि त्यातून हुसैनारा खातून खटला उभा राहिला. त्याच वर्षी मथुरा प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. ते प्रकरण आपल्याच, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेले होते. पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत स्त्रीचे काय होते, हा प्रश्न त्या पत्रामुळे देशभर चर्चेला आला.

कायद्याच्या बाजूनेही एक दार उघडत होते. ज्याचे नुकसान झाले त्यानेच दाद मागावी, हा न्यायालयांचा जुना दंडक. ३० डिसेंबर १९८१ रोजी दिलेल्या एस. पी. गुप्ता खटल्याच्या निकालात न्या. पी. एन. भगवती यांनी तो सैल केला. दारिद्र्यामुळे किंवा असहायतेमुळे जो न्यायालयापर्यंत येऊच शकत नाही त्याच्या वतीने कोणाही नागरिकाला सद्हेतूने दाद मागता येईल, आणि त्यासाठी साधे पत्रही पुरेल, असे तत्त्व त्यातून रूढ झाले. जिला आपण आज जनहित याचिका म्हणतो, तिचा पाया हा.

याच काळात मराठी रंगभूमीवर पत्रकाराची एक वेगळी प्रतिमा उभी राहत होती. अश्विनी सरीन या ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या वार्ताहराने १९८१ साली एका स्त्रीला विकत घेऊन स्त्रियांच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार उघडकीस आणला, त्या घटनेवरून तेंडुलकरांनी ‘कमला’ लिहिले. नाटकातला जयसिंग जाधव बातमीच्या यशात इतका गुरफटतो की जिच्यामुळे बातमी झाली ती कमला त्याला पत्रकार परिषदेतला पुरावा एवढीच उरते. बातमी छापून झाल्यावर त्या बाईचे काय, हा प्रश्न त्याच्या पत्नीला, सरिताला पडतो. त्याला पडत नाही. ‘कमला’ शिकवताना आपण जयसिंगला दोषी ठरवून मोकळे होतो. पण बातमी छापल्यानंतरही जबाबदारी उरतेच असे मानणारा पत्रकार पुढे नेमके काय करील, याचे उत्तर नाटकात नाही, आणि ते असण्याची गरजही नाही. शीला बारसे यांचे काम हे त्या प्रश्नाचे वास्तवातले एक उत्तर म्हणून वाचता येते.

३

मे १९८२ च्या ११ ते १७ या तारखांत बारसे यांनी पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील पाच जणींनी सांगितले की तुरुंगात येण्यापूर्वी, पोलीस कोठडीत असताना, पोलिसांनी आपल्याला मारहाण केली. त्यांपैकी दोघींची हकीकत विशेष गंभीर होती. (निकालपत्रात त्यांची नावे आहेत, येथे ती देण्याचे कारण नाही.) ही सामग्री घेऊन एखादी लेखमाला सहज लिहिता आली असती. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतले.

बातमी वाचकाला उद्देशून असते. तिचे काम कळवण्याने संपते. अर्ज सत्तेला उद्देशून असतो आणि तो उत्तराची मागणी करतो. बातमीदार बातमीच्या बाहेर राहू शकतो. अर्जदाराला मात्र तारखेला हजर राहावे लागते. शिवाय मुक्त पत्रकाराच्या मागे वृत्तपत्राचे कार्यालय, पगार, वकील यांपैकी काहीही नसते. एका पत्रासरशी बारसे या तिऱ्हाईत साक्षीदाराच्या जागेवरून पक्षकाराच्या जागेवर आल्या.

न्यायालयाने प्रथम काय केले हे पाहण्यासारखे आहे. पत्रातली हकीकत खरी की खोटी हे प्रतिज्ञापत्रांवरून ठरवण्याऐवजी त्याने मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन स्त्री-कैद्यांशी बोलायला सांगितले आणि त्या वेळी दुसरे कोणीही हजर असू नये अशी अट घातली. तुरुंगाधिकारी समोर उभा असताना कैदी खरे बोलू शकत नाही, ही साधी गोष्ट देशातील सर्वोच्च न्यायपीठाने गृहीत धरली. अहवालातून आणखी एक बाब पुढे आली : या स्त्रियांना वकिलाची मदत मिळण्याची काही धड व्यवस्थाच नव्हती. दोघी परदेशी स्त्री-कैद्यांची तर एका वकिलानेच फसवणूक करून फीच्या नावाखाली त्यांच्या चीजवस्तू लाटल्याची तक्रार होती.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्या. भगवती, न्या. आर. एस. पाठक आणि न्या. अमरेंद्रनाथ सेन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. निकालाचा भर पुढच्या व्यवस्थेवर आहे. बऱ्यापैकी चांगल्या वस्तीतल्या चार-पाच कोठड्या निवडून तेथे फक्त स्त्रियांना ठेवावे व पहारा स्त्री-शिपायांचा असावा. स्त्रियांची चौकशी स्त्री-पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. अटक होताच विधिसाहाय्य समितीला कळवावे. अटक झालेल्याने सांगितलेल्या नातलगाला किंवा मित्राला निरोप द्यावा. मुंबईत सत्र न्यायाधीशाने, शक्यतो स्त्री-न्यायाधीशाने, कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. आणि कैद्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केल्यावर छळाची काही तक्रार आहे का असे दंडाधिकाऱ्याने आपण होऊन विचारावे व वैद्यकीय तपासणी मागण्याचा हक्क त्याला समजावून सांगावा.

भाषेच्या अभ्यासकाने थांबावे असा यातला एक आदेश आहे. अटक झालेल्या माणसाचे कायदेशीर हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांत छापून ते पत्रक प्रत्येक कोठडीत चिकटवावे, आणि आरोपीला ठाण्यात आणताच त्याला समजणाऱ्या भाषेत ते वाचून दाखवावे. दिल्लीतील न्यायालयाचे सारे कामकाज इंग्रजीत. त्या स्त्रियांचे बोलणे त्यांच्या भाषेतून बारसे यांच्या पत्रात, तेथून अहवालात, तेथून निकालपत्रात जाता जाता दर टप्प्याला अधिक परोक्ष, अधिक कार्यालयीन होत गेले. परतीच्या वाटेवर मात्र न्यायालयाला मराठीची गरज भासली. ‘वाचून दाखवावे’ या शब्दांमागे न वाचता येणारी स्त्री न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर होती. हक्क हा नुसता असून भागत नाही, तो कानावर पडावा लागतो, हे भान या आदेशात आहे. मराठी कोशांत ज्यांना राजभाषेचा व्यवहार सापडत नाही त्यांनी हे तीन भाषांतले पत्रक आठवावे. ते भिंतीवर लागले की नाही, हा प्रश्न प्रत्येक ठाण्यात जाऊन विचारण्याजोगा आहे.

४

मुलाखती चालू असतानाच दुसरा वाद उद्भवला होता. बारसे कैद्यांचे बोलणे टेपवर मुद्रित करू लागल्या तेव्हा कारागृह महानिरीक्षकांनी हरकत घेतली आणि पुढे परवानगीच काढून घेतली. मुलाखतींची मुभा संशोधकांना असते, पत्रकारांना नाही, असे सांगण्यात आले. वही आणि पेन चालले, टेप खटकला. वहीतल्या नोंदी या पत्रकाराच्या शब्दांतल्या. त्या चुकीच्या आहेत असे म्हणता येते. टेपवर कैद्याचा आवाज असतो, आणि आवाज अमान्य करणे कठीण.

या वादाचा निकाल १९८७ साली लागला. पत्रकाराला तुरुंगात जाण्याचा निरंकुश हक्क नाही. पण तुरुंगात काय चालते हे जाणण्याचा हक्क नागरिकांना आहे, आणि म्हणून पत्रकारांना व लोकहिताची तळमळ असणाऱ्यांना माहिती मिळवण्याची व मुलाखती घेण्याची संधी असली पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. मुलाखत कैद्याच्या संमतीनेच व्हावी. ध्वनिमुद्रणासाठी वेगळी परवानगी असावी. कैद्याची संमती ही अट रास्तच आहे, जयसिंग जाधवाने ती कधी मागितली नव्हती. याच निकालात आणखी एक सूचना आहे : मुलाखतीतून मिळालेली माहिती प्रसिद्ध करण्यापूर्वी सर्वसाधारणपणे अधिकाऱ्यांकडून पडताळून घ्यावी, म्हणजे चुकीचे चित्र लोकांपुढे जाणार नाही. दोन्ही बाजू ऐकाव्यात हा पत्रकारितेचा धडा म्हणून हे ठीक वाटते. पण तक्रार ज्यांच्याविरुद्ध, पडताळणीही त्यांच्याकडेच, ही अडचण १९८३ च्या निकालाने ओळखली होती. दुसरे कोणी हजर नसताना बोलू द्या, असे त्या वेळी सांगणारे न्यायालय चार वर्षांनी अधिक सावध झालेले दिसते.

५

यादरम्यान बारसे यांच्या कामाचा पैस मुंबईबाहेर गेला होता. मानखुर्दच्या निरीक्षणगृहाच्या कारभाराविषयी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली होती; ते प्रकरण अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेले. मुले निरीक्षणगृहात दीर्घकाळ राहू नयेत, बालन्यायालयाच्या न्यायाधीशांना या कामाचे खास प्रशिक्षण असावे, आणि गृह चालवणाऱ्या संस्थेने राज्यसंस्थेच्याच घटनात्मक जबाबदारीने वागावे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. त्याआधी १९८५ साली त्यांनी देशभरच्या तुरुंगांत ठेवलेल्या सोळा वर्षांखालील मुलांसंबंधी याचिका केली. मुले प्रौढ गुन्हेगारांबरोबर तुरुंगात होती. किती आणि कोठे, याची माहिती कोणाकडे एकत्र नव्हती. जिल्हा न्यायाधीशांनी आपल्या भागातल्या तुरुंगांना भेटी देऊन अहवाल पाठवावेत असे आदेश निघाले. १३ ऑगस्ट १९८६ च्या आदेशाने तर कालमर्यादाच घातली : सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात मुलाविरुद्धचा तपास तीन महिन्यांत पुरा न झाल्यास प्रकरण बंद समजावे, आणि आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढावा. राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या बालक अधिनियमांऐवजी संसदेनेच एक कायदा करावा, अशी अपेक्षाही त्यात होती. त्याच वर्षाच्या अखेरीस बालन्याय अधिनियम, १९८६ संमत झाला.

कायदा झाला, पण याचिका रेंगाळली. राज्यांनी माहिती द्यायची, त्यासाठी मुदत मागायची, मुदत मिळायची, पुन्हा तारीख पडायची. आपल्याकडे ‘तारखांवर तारखा’ हा शब्दप्रयोग सामान्य पक्षकाराच्या तोंडी असतो. येथे तो तुरुंगातल्या मुलांच्या वयाशी बांधलेला होता. दर तारखेला मूल काही आठवड्यांनी मोठे होते. बारसे स्वतः उभ्या राहून बाजू मांडत होत्या. अखेर त्यांनी अर्ज केला की ही याचिका मला मागे घेऊ द्यावी. या प्रकरणापुरते न्यायालय आपले काम करेनासे झाले आहे, असा त्यांचा आरोप होता.

२९ ऑगस्ट १९८८ रोजी न्या. एम. एन. वेंकटाचलय्या यांनी लिहिलेल्या निकालाने हा अर्ज फेटाळला. जनहित याचिका करणारी व्यक्ती ही त्या वादाची मालक नसते. हक्क मुलांचे आहेत. याचिका एकदा न्यायालयापुढे आली की ती मागे घेण्याचा अधिकार आणणाऱ्याकडे उरत नाही. तसा अधिकार मान्य केला तर उद्या कोणीही लोकहिताच्या नावाने येऊन खाजगी लाभासाठी तडजोड करून निघून जाईल. त्या दूर होऊ इच्छितात तर होऊ शकतात. त्यांचे नाव पक्षकारांतून वगळण्यात यावे आणि सर्वोच्च न्यायालय विधिसाहाय्य समितीने याचिका पुढे चालवावी. पुढचे कामकाज समितीच्या नावाने झाले.

‘लेखकाचा मृत्यू’ ही कल्पना बार्थ वाचलेल्या एम. ए. च्या विद्यार्थ्याला परिचित असते. संहिता लेखकाच्या मालकीची नाही, ती वाचकाची होते, हे आपण वर्गात पटवून देतो. येथे तीच गोष्ट न्यायालयाच्या हुकुमाने घडली आणि तिचे परिणाम वर्गातल्यासारखे निरुपद्रवी नव्हते. योगायोग असा की वंचिताला स्वतः बोलता येते का, असा प्रश्न करणारा गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांचा प्रसिद्ध निबंधही १९८८ सालीच पुस्तकरूपाने आला. त्यातली शंका अशी की वंचिताच्या वतीने बोलणारा अनेकदा त्याची जागा व्यापून बसतो. न्यायालयाचे म्हणणे यापासून दूर नाही : मुलांचे हक्क प्रतिनिधीच्या मर्जीवर सोडता येणार नाहीत.

माझ्या मते हे तत्त्व बरोबर आहे. बारसे यांचा वैताग कितीही खरा असला तरी याचिका मागे घेतल्याने तुरुंगातले एकही मूल सुटणार नव्हते. परंतु न्यायालयापुढे दोन प्रश्न होते. याचिका कोणाची, हा पहिला. विलंबाची तक्रार खरी की खोटी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ठाम आणि सैद्धांतिक आहे. दुसऱ्याच्या उत्तरात स्पष्टीकरण आहे : अशा याचिकांचे स्वरूप वेगळे, प्रतिवादी अनेक, अंमलबजावणीला वेळ लागतो. स्पष्टीकरण खोटे नाही, पण ते मुलांना देता येण्याजोगे नाही. मालकी नाकारताना तक्रारीची धारही बोथट झाली. शिवाय जे कथन सर्वांचे ठरले, त्यामागचे कष्ट एकटीचे होते. तुरुंगातुरुंगात जाणे, नोंदी करणे, दिल्लीच्या तारखा सांभाळणे, हे सारे पगाराविना करणाऱ्या मुक्त पत्रकाराचा हक्क मालकीचा नसेल. पण जे पाहिले त्याचे काय झाले हे विचारत राहण्याचा हक्क तरी तिला असायला हवा होता. तो हक्क कायद्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

६

यानंतर त्या थांबल्या असत्या तर ही एका विरक्तीची कथा झाली असती. तसे झाले नाही. कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना पश्चिम बंगालच्या तुरुंगांत ठेवले जात होते. सुरक्षेसाठी म्हणून आणलेली ही माणसे तेथेच राहून जात. त्यांच्याविषयी १९८९ सालच्या याचिकेत पुन्हा शीला बारसे हेच नाव आहे. १७ ऑगस्ट १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे निरपराध मनोरुग्ण तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवले, आणि त्यांच्या तपासणीची व उपचाराची व्यवस्था लावण्याचे आदेश दिले. ज्या न्यायालयाविषयी त्यांनी इतका कठोर अभिप्राय दिला होता त्याच न्यायालयाकडे त्या परत गेल्या होत्या. दुसरे न्यायालय नव्हते.

बातमीदाराने याचिकाकर्ता होण्याची ही वाट त्यांच्या एकटीची नव्हती. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांसाठी न्यायालयात गेलेल्या ओल्गा टेलिस याही पत्रकारच. त्यांच्या नावाचा निकाल १० जुलै १९८५ चा. अलीकडचे उदाहरण सुकन्या शांता या मुंबईतल्या पत्रकाराचे. तुरुंगांतील कामे जातीनुसार वाटली जातात, हे त्यांनी २०२० साली ‘द वायर’मधील वृत्तलेखातून दाखवले आणि नंतर त्या स्वतः याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. १९८३ चे आदेश ज्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आधाराने लिहिले गेले तिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. अटकेचे कारण कळण्याचा, नातलगाला निरोप जाण्याचा, वैद्यकीय तपासणीचा हक्क आता कायद्याच्या कलमांत आहे. आर्थर रोडमधल्या पंधरा मुलाखती या कलमांच्या मागे उभ्या असलेल्या अनेक गोष्टींपैकी एक आहेत.

नावांची गोष्ट मात्र विचित्र आहे. ज्या स्त्रियांनी प्रथम तोंड उघडले त्यांची नावे निकालपत्राच्या पहिल्या परिच्छेदांत राहिली. पुढे त्या कोणाला आठवत नाहीत. ज्या पत्रकाराचे नाव १९८८ साली न्यायालयाने पक्षकारांतून वगळले, तो वगळण्याचा निकालच आजही विधी महाविद्यालयांत ‘शीला बारसे विरुद्ध भारत सरकार’ म्हणून शिकवला जातो. साहित्याच्या वर्गात कमला आणि सरिता यांच्याविषयी बोलताना हे निकालही विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत, असे मला वाटते. जयसिंग जाधवाच्या हातून जे निसटले ते धरून ठेवायचे तर किती वर्षे लागतात आणि त्याची किंमत कोण मोजते, याचा हिशेब त्यांत तारखांनिशी आहे.